सोमवारचं पुडकं

बापूने पुडकं कानाजवळ नेलं आणि हलवलं. उघडून बघायची गरजच नव्हती. तीन क्वार्टर, दोन बिअर, आणि तळाशी काहीतरी बारीक खुळखुळत होतं.

अलिबागच्या बाजारातल्या आणि किनाऱ्याकडच्या गल्लीतल्या हॉटेलांचा कचरा अकरा वर्षं त्याच्याच टेम्पोत येत होता. ओला हिरव्या पिंपात, सुका निळ्या. ओल्याचं वाडीवाल्यांसाठी खत व्हायचं. सुका थळच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये जायचा, तिथे त्याच्या कामावरची सगुणा बसून निवडायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुठलं प्लास्टिक कुठल्या ढिगात जातं ते कुणी तिला शिकवायचं काम नव्हतं. मिसळलेला कचरा दिला की बापू पिंप दारातच ठेवून निघायचा. मग मालक टेम्पोमागे धावायचा. यंदाच्या शिमग्याला एका लॉजच्या खरकट्यातून फुटकी बाटली निघाली, डाव्या तळहाताला नऊ टाके पडले, दोन बोटं अजून मिटत नव्हती. तेव्हापासून तर तो जास्तच कडक झाला होता.

पिंप उचललं की बापूला आत काय आहे ते कळायचं. म्हणून कुठे सोयरीक जुळत आली की मुलीचे बाप त्याला हळूच गाठायचे.

"बापू, त्या घरात बाटली दिसते का रं?"

"मी कचरा नेतो," बापू म्हणायचा. "घर न्हाय नेत."

अकरा वर्षांत एक शब्द बाहेर गेला नव्हता. आता पाळी त्याच्यावर आली होती.

खानावळवाल्या श्यामलाबाईंनी त्यांच्या मितेशसाठी बापूच्या लेकीला, प्राप्तीला मागणी घातली होती. पोरीचा होकार होता. बापाचा शब्द आज संध्याकाळी द्यायचा होता. आणि गेले सहा महिने, दर सोमवारी, त्याच खानावळीच्या निळ्या पिंपात अगदी तळाला, पुठ्ठ्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने आवळलेलं हे पुडकं. श्यामलाबाईंकडे दारूला बंदी. गिऱ्हाईकाच्या हातात बाटली दिसली तर त्या समोरचं ताट उचलायच्या.

बापूची थोरली बहीण कमळ. तिचा नवराही बाटल्या अशाच कागदात बांधून तांदळाच्या डब्यामागे ठेवायचा. अठरा वर्षं तिने काढली. एकोणिसावं तिला निघालं नाही.

पुडक्यातून थोडी वाळू गळली. किनाऱ्यावर बसून पितो वाटतं, बापू मनात म्हणाला. आणि बाटल्यांवरची छापही दर वेळी निराळी. पोराला मिळेल ती चालते.

मितेश मागच्या दारात पावाची लादी घेऊन उभा होता. डोळे लालभडक.

"झोप झाली न्हाय वाटतं," बापू म्हणाला.

"रविवारी कुठली झोप, काका."

बापूने पुडकं वर धरलं. "हे कागदात कशाला रं बांधतोस?"

मितेशने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले. "तुम्हाला ठावं हाय की, काका."

"ठावं हाय."

"आईला नका सांगू. तिला न्हाय आवडत. कळलं तर अंघोळ केल्याबिगर घरात घ्यायची न्हाय."

"आणि लगीन झाल्यावर?"

मितेशने लादी दुसऱ्या हातात घेतली. "तवा पण सोडणार न्हाय, काका. खोटं कशाला बोलू?"

खोटं बोलला असता तर बापूने चार शिव्या घातल्या असत्या. पोरगं खरं बोललं आणि शिवी देण्यासारखं काही उरलं नाही. तो टेम्पोत चढला.

"जपून न्या," मितेश मागून म्हणाला.

शेडमध्ये प्राप्ती डबा घेऊन आधीच येऊन बसली होती. आज तिने ऑफिसातून सुट्टी काढली होती.

"आला बघ तुझा बाप," सगुणा म्हणाली. "थोबाड बघ. जसं काय यालाच कुणी ओल्या पिंपात टाकलंय."

बापू हसला नाही. खालीही बसला नाही. "श्यामलाबाईंना मी न्हाय म्हणून कळवतो."

प्राप्तीने डब्याचं झाकण परत लावलं. "कारण?"

"कचऱ्यातलं मी बाहेर बोलत न्हाय."

"मी बाहेरची हाय?"

बापू टेम्पोकडे गेला. त्याने पुडकं आणून तिच्यापुढे ठेवलं. "सोड. सहा महिने दर सोमवारी त्याच्या पिंपातनं येतंय. सगुणाला विचार पायजे तर."

"व्हय, येतं," सगुणा म्हणाली. "मीच सोडते ना. बाटल्या काचेच्या जाळीच्या पिंजऱ्यात, कागद रद्दीत. तो कागद पण धड नसतो. वर काळ्या रेघोट्या मारलेल्या. रद्दीवाला नाक मुरडतो."

प्राप्तीने सुतळी सोडली. बाटल्या निघाल्या, दोन तुटलेल्या माना निघाल्या, ओंजळभर वाळू निघाली. तिने कागद गुडघ्यावर पसरला, तळव्याने सारखा केला आणि बघत राहिली. मग सुटल्यासारखा एक लांब श्वास सोडला.

"बाबा, यातलं एक तरी पुडकं तुम्ही कधी उघडलंत?"

"उघडायला कशाला लागतं? आवाज येतो की."

तिने कागद त्याच्याकडे फिरवला. बापूने खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि नाकावर चढवला. बातम्यांवरून आडवं, जाड काळ्या मार्करने, एकेक अक्षर सुटं करून लिहिलं होतं:

'बापूकाका, ही काच पहाटे किनाऱ्यावरून वेचली आहे. फुटकी आहे. डावा हात लावू नका.'