दुसरा नंबर

लेकीला वाटलं होतं, बाबा खूश होतील. ज्या वर्षी बाबा मोटार शर्यतींच्या एकूण गुणांवर विजेते ठरले, त्या वर्षाला तिने आजची गुणपद्धत लावून पाहिली होती.

"बाबा, आजच्या नियमाने शेवटच्या शर्यतीत तुम्ही दुसरे आला असतात, तरी विजेतेपद तुमचंच होतं!"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या शर्यतीत पहिलं येण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणून त्यांनी वळणावर सख्ख्या भावाची गाडी कठड्याकडे दाबली होती. काका तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत होते.

"पुन्हा मोज," बाबा म्हणाले. तिने मोजलं. "पुन्हा."

शेजारीच बसलेल्या काकांनी खुर्ची पुढे घेतली आणि तिच्या हातातला कागद ओढून घेतला.

"अगं शहाणे, पावसातली शर्यत मध्येच थांबवली होती. तिचे गुण अर्धेच धरायचे असतात. दादा, नव्या नियमानेही दुसरा नंबर पुरत नव्हता तुला."

बाबांनी कधीचा रोखून धरलेला श्वास सोडला.

लेकीने कागदाकडे पाहिलं. त्या शर्यतीचे गुण तिने आधीच अर्धे धरले होते, आणि काकांचा अंगठा नेमका त्याच आकड्यावर होता.