बर्फाआधी दहा उड्या

सहावी उडी उतरली तेव्हा तनुजा मॅडमनी मोबाइलवर पायाचा व्हिडिओ घेता घेताच "सहा" म्हटलं, आणि दाराशी उकिडवा बसलेला रामप्रसाद आणखी पुढं सरकला.

उडी तशी झकास होती. हवेत दीड गिरकी, उजव्या पायावर उतरायचं, तीन आकडे होईस्तोवर दुसरा पाय वर. सुकेशनी, त्याची चौदा वर्षांची पोरगी, हे सगळं बॅडमिंटनच्या हॉलमध्ये साध्या बुटांवर करत होती, कारण संभाजीनगरात बर्फ मिळतो तो रसवंतीवर. बर्फावरचं स्केटिंग शिकायचं म्हणजे वर्षातून आठ दिवस डेहराडून आणि बाकीचं वर्ष दोरीवरच्या उड्या, करमाडच्या माळावर पळणं अन् ही फरशी. लोक हसले. हसणाऱ्यांचं काय जातं? पोरगी अकरा महिन्यांत एक दिवस चुकली नव्हती.

उद्याची गाडी होती. आठ दिवसांच्या शेवटी निवड चाचणी. मॅडमचा नियम एकच, आणि तो त्यांनी कुणाच्या बापासाठी वाकवला नव्हता: निघायच्या आदल्या दिवशी सलग दहा उड्या न डगमगता उतरायच्या. नाही जमलं तर पुढच्या वर्षी. फरशीवर पडलं तर नुसतं लागतं, बर्फावर कच्चा पाय नेला की मोडतोच, असं त्या पालकांना पहिल्याच दिवशी सांगत.

मॅडम पाय बघत होत्या. त्यांचं काही चुकत नव्हतं, पाय खरोखर चोख पडत होता. रामप्रसाद मात्र पायाकडं बघतच नव्हता. तीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस तो. पाय बघून लंगडं मेंढरू हुडकणारा त्याच्या लेखी शिकाऊ. दुखरा पाय टेकला की जनावराची मान वर झटकते, एवढीशी, बोटभर. उडी मारून सुकेशनी सुरुवातीच्या रेघेकडं परत यायची तेव्हा दर दुसऱ्या पावलाला तिची मान तशी हलत होती.

"सात."

तिनं बापाकडं पाहिलं. बाप काय बघतोय ते तिला बरोबर कळलं, आणि तिनं डोळ्यांनीच त्याला दटावलं. रामप्रसादनं नजर फरशीवर टाकली. त्याला स्वतःचाच राग आला. कोण मोठा डॉक्टर लागून गेलाय तू, गप बस की. पोरीनं अकरा महिने घाम गाळला, अख्ख्या करमाडात सांगून झालं, आणि शेवटच्या तीन उड्यांच्या वख्ताला तोंड उघडणार? पण दुखऱ्या पायाचं जनावर तसंच हाकत नेलं की चौथ्या दिवशी खांद्यावर टाकून आणावं लागतं, आणि तो पाय मग पहिल्यासारखा होत नाही. अशी कैक मेंढरं त्यानं वाहून आणली होती.

"आठ."

"मॅडम, थांबवा." तो उभा राहिला होता. "पाय दुखायलाय तिचा."

तनुजा मॅडम भडकल्या. पालकांनी मध्ये बोलायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. कशावरून म्हणता, त्यांनी विचारलं. रामप्रसादनं सांगितलं, सगळंच सांगितलं: मान कशी हलते, कुठल्या पावलाला हलते, मेंढरात ते कसं दिसतं. सुकेशनी कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, नाय हो मॅडम, आबांना उगंच भ्या वाटायलंय. मॅडमनी खाली बसून तिचा घोटा दाबला, टाच दाबली, पाऊल दोन्हीकडं वळवून पाहिलं. पोरीनं तोंडावर काही दिसू दिलं नाही.

दोनच राहिल्यात, होऊन जाऊ दे, मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ती जायला हवीच होती; सहा वर्षांत त्यांच्या हाताखालून चाचणीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. तरी या वेळी त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. माणूस एवढं सांगतोय तर मान बघू, असं ठरवलं.

नववी उडी उतरली. सुकेशनी रेघेकडं परत आली, मान ताठ. दहावी उतरली, तीन आकडे झाले, चौथाही झाला, तरी पाय वरच. मग ती चालत आली, डोक्यावर भरलेली घागर असावी तशी. केससुद्धा हलत नव्हता.

"दहा." मॅडमना हसू आवरेना. "बघितलं ना, रामप्रसादभाऊ? हलली का मान?"

"नाय."

"मग?"

 पोरगी रामप्रसादकडं बघत होती, लहानपणी जत्रेत काही मागताना बघायची तशी. आता नुसता गप्प बसला असता तर उद्याची गाडी मिळत होती, घरी साखर वाटली जात होती, आणि पोरगी जन्मभर त्याला दुवा देत होती.

"मघाशी हालत होती, तवा एवढं भ्या नव्हतं मला," तो म्हणाला. "मेंढराला लपवता येत नाय, मॅडम. हिला लपवायचं आत्ता मीच शिकवलं."

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी सुकेशनीकडं पाहिलं.

"सुकेशनी," त्या म्हणाल्या, "दारापर्यंत चालून ये बरं. माझ्याशी बोलत बोलत, मानेकडं लक्ष न देता."

सुकेशनी जागची हलली नाही.