झिजलेला टाक

मथुराबाईंनी देव्हाऱ्यातून आणलेला चांदीचा टाक सोनाराने उजेडात धरला. "काकू, यावर देव कुठला होता? तेवढं सांगा, तसाच नवा घडवतो."

मथुराबाईंना सांगता येईना. त्या लग्न होऊन आल्या तेव्हाच टाक निम्मा झिजला होता; त्यावर कुठला देव, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. उरलेले नाकडोळे रोज रांगोळीने घासताना त्यांच्याच हाताखाली गेले. आपण कुळाचा देव पुसला, या विचाराने त्यांनी टाक परत मागितला.

टाक परत घेताच अंगठा सवयीने फिरू लागला. दुकानातली ठोकठोक विरत गेली. मिटल्या डोळ्यांपुढे चेहरा नव्हता, अंधारही नव्हता. नुसती मोकळी, उबदार जागा होती, आणि तिथे त्या एकट्या नव्हत्या.

"खंडोबा काढू की भवानी?"

"राहू दे. एवढी वर्षं घासला, तेव्हा कुठे दिसायला लागलाय. पुन्हा नाकडोळे काढून झाकू नकोस."