सुकन्याच्या गाडीचं छत

“बाबा, आज तरी तिकिटाचा विषय काढू नका,” सिग्नलला गाडी थांबवत सुकन्या म्हणाली. छताचं करडं कापड सुटून तिच्या केसांवर लोंबत होतं आणि ती ते हाताने वर सारत होती.

जयंतराव शेजारच्या सीटवर बसले होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. यंदा गुडघ्यांनी असहकार पुकारला, म्हणून नाना पेठेतलं सीट कव्हरचं दुकानही बंद केलं. मग लेकीने हट्टाने तीन महिन्यांसाठी जर्मनीत, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला आणलं, आणि तीन आठवड्यांतच त्यांना घर खायला उठलं.

माणूस जुन्या वळणाचा. लेकीच्या घरी पाणीसुद्धा जपून प्यावं, हे ऐकत वाढलेला. इथे आयतं जेवायचं, आयतं फिरायचं आणि भांडी विसळायला उठलं तर लेक-जावई डिशवॉशरकडे बोट दाखवायचे. आपला इथे काडीचा उपयोग नाही, हे त्यांना रात्रंदिवस टोचत होतं. पुढच्या रविवारचं परतीचं तिकीट बघा, असं त्यांनी जावयाला सांगूनही टाकलं होतं.

आणि आज सकाळी गाडीच्या छताने मान टाकली.

“चौदा वर्षांची गाडी आहे, बाबा,” मागच्या सीटवरून हृषिकेश म्हणाला. जावई म्युनिकच्या एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. “आल्झो, म्हणजे बघा, कापडामागचा फोम एजिंगमुळे डिग्रेड होतो. वेर्कश्टाटमध्ये, दुरुस्तीला टाकू, ते करून देतील.”

जयंतरावांनी सुटलेल्या कडेत बोट घातलं, ते बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

“कशाला वेर्कश्टाट?” सिग्नल सुटल्यावर ते म्हणाले. “चाळीस वर्षं मी काय माशा मारल्या?”

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये असलं काही काढलं असतं तर तिथली देखरेख करणारा हाउसमाइस्टर अंगावर आला असता. म्हणून शनिवारी सकाळी तिघांनी भाड्याने जागा देणारं एक गॅरेज गाठलं. जागा आणि हत्यारं त्यांची, घाम आपला.

हृषिकेशने आदल्या दिवशी सहा व्हिडिओ पाहिले होते. एकेकाचा दाखला देत तो सुरू झाला, तसे जयंतराव म्हणाले, “हृषिकेशराव, तुम्ही नुसतं धरा.” पुढच्या ऊन अडवायच्या झडपा, हँडल, दिवा, दारांची रबरं, सगळं त्यांनी एकामागून एक उतरवलं आणि छताचा आख्खा बोर्ड मागच्या दारातून अलगद बाहेर काढला. जावयाने तोंडात बोट घालायचंच बाकी होतं.

बोर्डावर उरलेला फोम खरवडायचं काम मात्र त्यांनी कुणाला करू दिलं नाही. जावयाला कॉफी आणायला पिटाळलं आणि लेकीकडे पाठ करून एकट्यानेच तो थर काढला.

मग गोंद. बोर्डालाही आणि नव्या कापडालाही. हृषिकेश लगेच चिकटवायला निघाला, तर त्याचं मनगट धरून म्हणाले, “थांबा. बोटाला ओढ लागली पाहिजे, पण बोटावर डाग येता कामा नये. घाई केली की बुडबुडे आलेच.”

दहा मिनिटांनी त्यांनी अर्धं कापड टेकवलं आणि मधून कडेकडे तळवा फिरवत नेलं. मग उरलेलं अर्धं. कुठे सुरकुती नाही, की फुगा नाही.

गॅरेजचा पांढऱ्या मिशांचा मालक केव्हाचा लांबून बघत होता. तो जवळ आला, दिव्याजवळच्या अवघड वळणावर बोट फिरवलं आणि विचारलं, “माइस्टर?”

“गेनाऊ, पक्के उस्ताद,” हृषिकेश छाती फुगवून म्हणाला. “माझे सासरे!”

मालकाने हात पुढे केला. जयंतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पंचवीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कुणी पाहुणा न समजता कारागीर समजलं होतं.

“बाबा, हे कुणाला शिकवलंत की नाही?” जावयाने विचारलं.

“कुणाला शिकवणार? पोरं यायची, दोन महिन्यांत पळायची. आणि हिला तर मी सुईला हात लावू दिला नाही. म्हटलं, तू शिक, कॉम्प्युटरवर बस. माझ्याबरोबर संपलं म्हणायचं.”

सुकन्या खाली वाकून कापडाचे तुकडे गोळा करत होती.

दुपारी छत जागेवर बसलं. हत्यारं परत करायला हृषिकेश आत गेला, तेव्हा बापलेक गाडीत टेकून बसले आणि वर बघत राहिले.

“बाबा, मग तिकीट?” तिने हळूच विचारलं.

“राहू दे. तीन महिने पुरे करूनच जाईन.”

“खरंच?” ती एकदम हसली. “बघा, म्हणत होतात ना, इथे माझा काय उपयोग! तुम्ही नसतात तर या छताचं काय झालं असतं?”

“मी नसतो, तर ते पडलंच नसतं.”

सुकन्याचं हसू ओठांवरच थांबलं.

“फोम म्हातारा झाला की त्याचा भुगा होतो, सुकू. हा धडधाकट होता,” जयंतराव लेकीच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाले. “कापडामागून दोरा ताणत ताणत तूच तो सोडवलास ना? बोर्डावर एक ओरखडा नाही. चाळीस वर्षांत माझ्या दुकानात एवढी सफाई एकाच्याही हाताला आली नव्हती.”