औषधांचा तक्ता

“या गृहपाठाचा उपयोग काय?” तिनं वर्गात ठणकावून विचारलं होतं. “आधी कर, मग भांड,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. घरातल्या औषधांचा तक्ता करायचा होता: पाकिटावरचं नाव, बारीक अक्षरांतलं मूळ औषध आणि परिणाम. नाक मुरडतच तिनं आजोबांच्या गोळ्यांचा डबा उघडला. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले आजोबा हल्ली जेवताजेवता पेंगायचे. “वय झालं,” म्हणत घरच्यांनी हात टेकलेले. जुन्या डॉक्टरांची पांढरी गोळी लिहिली, मग नव्या डॉक्टरांची गुलाबी. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. पण मूळ औषध लिहिताना तिचा हात थबकला. वरच्या ओळीतही तोच शब्द! परिणाम: गुंगी. सहा महिने दोन्ही गोळ्या तीच देत होती, न चुकता. “आण गं पोरी,” पेंगत आजोबांनी तळहात पुढे केला, “तुझ्या हाताला गुण आहे.”