दिव्यांचा खटका

"हे कोणाचं?" लेकीने गाडीच्या पुढच्या खणातून एक छोटी बाटली काढली. डोळ्यांत घालायचे थेंब होते, अर्धेअधिक संपलेले.

"माझं," बाबा म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. वय झालं की लागतात असली सोंगं. ठेव ते जागेवर."

लेकीने बाटली ठेवली, पण मनातला संशय पक्का झाला. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. क्लचवर पाय लटपटणारी माणसं सांभाळता सांभाळता तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. गाडीत बसली की चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं, ही तिची सवयच होऊन गेली होती. बाकी कोणाकडे बघायला फुरसत कुठली?

मागच्या खेपेला तिने एक गोष्ट हेरली होती. बाबा गाडी चालवताना सारखे बोलत होते.

"शाळा सुटली बघ. पोरं कशी उधळलीयेत. फुलवालीकडे आज नुसती पिवळी फुलं. पुढे टेम्पो, त्यात सोफा, आणि सोफ्यावर एक पठ्ठ्या चक्क झोपलाय."

शेजारी आई खुदुखुदू हसत होती. लेकीला मात्र हसू आलं नाही. ज्या माणसाने उभा संसार नुसत्या 'हं' आणि 'बरं'वर रेटला, त्याला अचानक वाचा कशी फुटली? नवशिक्यांना ती हेच करायला लावायची. दिसेल ते मोठ्याने बोला, म्हणजे नजर रस्त्यावरून हलत नाही. पण बाबा काय नवशिके होते? ज्याचा आपल्या डोळ्यांवर भरवसा उरलेला नाही, तोच या वयात असं करेल.

शिवाय ते दिवे. गाडी तिनेच घेऊन दिली होती, मुद्दाम आपोआप लागणाऱ्या दिव्यांची. अंधारलं की लागणार, उजाडलं की विझणार, समोरून कोणी आलं की स्वतःच मान खाली घालणार. घरात अशी शहाणी माणसं मिळत नाहीत. बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी ती सोय बंद केली. संध्याकाळी ते स्टिअरिंगजवळच्या दांडीचं टोक हाताने फिरवायचे, खट्कन. आई म्हणायची, "चला, झाली दिवेलागण," आणि शाल अंगाभोवती ओढून घ्यायची.

"बाबा, आज मी मागे बसणार," लेक म्हणाली. "आणि दिवे ऑटोवर. ते पटत नसेल तर किल्ली माझ्याकडे द्या."

"ऑटोवर नको गं."

"का नको?"

खिशातल्या किल्लीवर बाबांची मूठ आवळली. "तुझी आई दिवसभर या एका फेरीची वाट बघते," ते म्हणाले. "तेवढं नको काढून घेऊस."

लेकीचा जीव तुटला. पण रस्त्यावर माया कामाला येत नाही, हे ती रोज दुसऱ्यांना शिकवत होती. तिने वाकून टोक ऑटोवर फिरवलं. "आईला यातलं काही बोलू नका. उगाच घोर लावून घेईल."

"तिला नाही सांगत," बाबा म्हणाले आणि आईला आणायला वर घरी गेले.

ते आईचा हात धरून खाली, इमारतीबाहेर उभ्या गाडीपाशी आले.

"लग्नाच्या फोटोतसुद्धा एवढा घट्ट धरलेला नाही," लेक म्हणाली.

"उशिरा का होईना, सुचलं," आई म्हणाली.

बाबांनी दार उघडलं, तिच्या शालीचं टोक आत घेतलं, पट्टा लावून दिला. "मागे परीक्षक बसल्यात हं," त्यांनी तिला सांगितलं. "आपली गाडी बंद करायला निघाल्यात."

"नापास करू नकोस गं ह्यांना," आई समोर बघतच म्हणाली.

गाडी निघाली. बाबांची टकळी सुरू झाली. लेक आरशात त्यांचे डोळे बघत होती आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत होती. चौकात एक सायकलवाला तिरका घुसला, पण बाबा त्याच्या आधीच हळू झाले होते. लांबच्या दुकानाची नवी पाटी त्यांनी तिच्याआधी वाचली. एकही चूक नाही. इतकी साफ नजर तिच्या निम्म्या विद्यार्थ्यांकडे नव्हती.

तिला स्वतःची लाज वाटली. थेंबांच्या एका बाटलीवरून आपण म्हाताऱ्याला आंधळा ठरवून मोकळे झालो. घरी पोचलं की माफी मागायची आणि पुन्हा किल्लीचं नाव काढायचं नाही, असं तिने ठरवलं.

परत आले तेव्हा बाहेर ऊन होतं. गाडी इमारतीखालच्या पार्किंगच्या उतारावर वळली आणि आत काळोखात शिरली. दिवे आपोआप लागले, आवाजसुद्धा न करता. समोरची भिंत लख्ख पांढरी झाली. तिच्यावरचे ओरखडे, कोणीतरी खडूने काढलेली मांजर, सगळं दिसत होतं.

बाबांचा हात सवयीने दांडीकडे गेला. आरशात लेकीची नजर दिसली, तसा तो मागे आला.

आईने त्या भिंतीकडे तोंड करून क्षणभर वाट पाहिली. मग ती बाबांकडे झुकली आणि मागे ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाली, "अहो, खाली आलो ना आपण? दिवे लावा पटकन, तिच्या लक्षात येईल."