येण्याचे कारण

आईनं मृत्युपत्रात रस्त्यालगतचे पाच गुंठे मौन साधना केंद्राला लिहून ठेवलेत, हे पिरंगुटच्या वकिलानं वाचून दाखवल्यापासून हैबतरावांचं डोकं चालेना. आई तर कधी देवळाची पायरीही चढली नव्हती. जाब विचारायला ते केंद्रात पोचले. आवारात तिघांना विचारलं. तिघांनीही नुसते हात जोडले आणि पुढं गेले. हैबतराव आणखीच चक्रावले. शेवटी कार्यालयातल्या बाईंना आईचं नाव सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, “तुळजाबाई? दरवर्षी दहा दिवस इथं यायच्या.” “आवो, ती तर नेऱ्याला मावशीकडं जायची!” बाईंनी कपाटातून अर्ज काढला. खाली आईचा अंगठा होता. ‘येण्याचे कारण’ या रकान्यात बाईंनी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते: “घरात समदी येकमेकाशी बोलत्यात, माझ्याशी कुनी बोलत न्हाई. हितं कुनीच कुनाशी बोलत न्हाई, मंग काय वाटत न्हाई.”